सिल्व्हानसचे इमान कोणाशी होते?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या संगणकीय खेळातील सिल्व्हानस विंडरनर या राणीवर लेख आला आणि त्याला उत्तर म्हणून पुढच्या दोन आठवड्यांत वाचकांची पत्रेही आली. मराठी दैनिकात या विषयाला एवढी जागा मिळाली याचा मला मनापासून आनंद झाला. लेखकाच्या मते सिल्व्हानसने होर्ड या आपल्या पक्षाशी गद्दारी केली. त्यांना उत्तर देणाऱ्या पत्रलेखकाच्या मते ती मुळात होर्डची नव्हतीच, पण ज्या मृतांची ती राणी होती त्या प्रजेशी मात्र ती शेवटपर्यंत एकनिष्ठ राहिली. मी हा खेळ २००९पासून खेळते आहे आणि त्यातली बहुतेक वर्षे तिच्या प्रजेतलीच एक होऊन खेळले आहे. पहिले मत मला अपुरे वाटते आणि दुसरे चुकीचे वाटते, म्हणून हे पत्र.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका द्यायला हवी. २००२ साली आलेल्या ‘वॉरक्राफ्ट ३’मध्ये सिल्व्हानस ही एल्फ लोकांच्या सिल्व्हरमून नगरीची सेनापती आहे. आर्थस नावाचा, स्वतःच्याच राज्यावर उलटलेला राजपुत्र मृतांची फौज घेऊन तिच्या देशावर चालून येतो. ती पावलापावलावर त्याची वाट अडवते आणि अखेर हरते. आपल्याला इतका त्रास दिल्याची शिक्षा म्हणून आर्थस तिला सुखाने मरू देत नाही. तो तिचा आत्मा ओढून काढतो, तिची बॅन्शी, म्हणजे आक्रोश करणारी हडळ बनवतो आणि तिला तिच्याच माणसांवर सोडतो. ती सगळे पाहू शकते, तिला सगळे कळते, पण हात मात्र दुसऱ्याच्या इच्छेने हलतात. पुढच्याच वर्षी आलेल्या पुरवणी भागात आर्थसच्या मागे असलेल्या, मृतांच्या त्या फौजेचा खरा स्वामी असलेल्या लिच किंगची ताकद ओसरू लागते आणि सिल्व्हानसला स्वतःची इच्छाशक्ती परत मिळते. ती आपले मृत शरीर परत मिळवते, आर्थसवर विषारी बाण सोडते, तो थोडक्यात वाचतो. मग आपल्यासारख्याच ताब्यातून सुटलेल्या मृतांना गोळा करून लॉर्डेरॉनच्या, म्हणजे आर्थसच्याच राज्याच्या, उद्ध्वस्त राजधानीखाली ती अंडरसिटी नावाचे राज्य उभे करते. या प्रजेने स्वतःला घेतलेले नाव फोरसेकन, म्हणजे साऱ्यांनी टाकून दिलेले.

मी या खेळात पहिले पात्र निवडले तेव्हा मला हे काहीच माहीत नव्हते. एका अंधाऱ्या तळघरात माझे पात्र जागे झाले, पायऱ्या चढून वर आले, आणि दाराशी उभ्या असलेल्या प्रेतवाहकाने सांगितले की बरे झाले जागी झालीस, आम्ही तुला इतरांबरोबर आगीत टाकायच्या बेतात होतो. मला ते वाक्य अजून आठवते. पलीकडे तसेच जागे झालेले, पण स्वतःची इच्छा परत न मिळालेले मृत नुसते भटकत होते, आणि खेळातले पहिले काम त्यांनाच संपवण्याचे होते. फोरसेकन असणे म्हणजे काय, हे त्या पहिल्या दहा मिनिटांत कळते. मेल्यावर उठणे ही त्यांची ओळख नाही. उठल्यावर आपले मन आपल्या ताब्यात असणे ही त्यांची ओळख आहे, आणि त्यांच्यात व त्या भटकणाऱ्या मृतांत एवढाच काय तो फरक आहे. पुढच्या सगळ्या वादाची किल्ली मला इथे सापडते.

या वादात इंग्रजीतला ‘लॉयल्टी’ हा एकच शब्द सगळीकडे वापरला जातो आणि त्यामुळे गोंधळ होतो, असे माझे अनेक वर्षांचे निरीक्षण आहे. मराठीत आपल्याकडे या गोष्टीसाठी वेगवेगळे शब्द आहेत आणि ते वेगळे ठेवले तर अर्धा वाद तिथेच मिटतो. आर्थसच्या हाताखाली तिने जे केले ती ताबेदारी होती. तिथे इमानाचा किंवा बेइमानीचा प्रश्नच येत नाही. होर्डशी तिने केली ती युती होती. आणि आपल्या प्रजेशी तिचे जे नाते होते, निदान असायला हवे होते, त्यालाच निष्ठा म्हणता येईल. पुरवणीतील लेखकाने दुसऱ्या गोष्टीला तिसरीचे माप लावले आहे आणि पत्रलेखकाने तिसरी गोष्ट तपासलेलीच नाही.

होर्डचा मुद्दा मी लवकर संपवते, कारण तो तितका अवघड नाही. २००४ साली ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ सुरू झाला तेव्हा फोरसेकन पात्र निवडणाऱ्या प्रत्येकाला सुरुवातीच्या निवेदनात स्पष्ट ऐकवले जात होते की होर्डशी असलेले हे सख्य सोयीपुरते आहे आणि या नव्या मित्रांबद्दल फोरसेकनांच्या मनात खरी निष्ठा नाही. म्हणजे ज्याला आज गद्दारी म्हटले जाते ती पहिल्या दिवशी, उघडपणे, जाहीर केलेली होती. पुढे २०१०च्या सुमारास होर्डचा तेव्हाचा प्रमुख गॅरोश तिला मेलेल्या माणसांना उठवताना पाहतो आणि संतापून विचारतो की मग तुझ्यात आणि लिच किंगमध्ये फरक काय राहिला. तेव्हा ती शांतपणे सांगते की फरक उघड आहे, मी होर्डची सेवा करते. खेळाडूंनी हे वाक्य वर्षानुवर्षे तिच्या बाजूचा पुरावा म्हणून वापरले. मला ते कधीच तसे वाटले नाही. प्रश्न होता ती काय करते आहे याचा, आणि उत्तर आले ती कोणासाठी करते आहे याचे. २०१६ साली मरणाच्या दारात असलेल्या तेव्हाच्या प्रमुखाने, व्होल्जिनने, होर्डचे प्रमुखपद तिच्या हाती सोपवले आणि तिने ते स्वीकारले, तेव्हा मात्र युतीच्या जागी जबाबदारी आली. ती जबाबदारी तिने मोडली हे लेखकाचे म्हणणे मला मान्य आहे. पण पदाची जबाबदारी मोडणे आणि आपल्या माणसांना दगा देणे या दोन गोष्टी एका पारड्यात टाकता येत नाहीत, आणि ‘गद्दार’ हा शब्द आपल्याकडे हल्ली इतक्या सहज वापरला जातो की त्याने दोन्हींचे वजन सारखेच भासते.

आता पत्रलेखकाच्या मुद्द्याकडे येते, कारण खरा प्रश्न तिथे आहे. त्यांचा सगळा भर एका गोष्टीवर आहे. आर्थस मारला गेल्यावर सिल्व्हानसपुढे जगण्याचे कारण उरत नाही आणि ती आइसक्राउनच्या, म्हणजे लिच किंगच्या गडाच्या, शिखरावरून स्वतःला खाली झोकून देते. मृत्यूपलीकडे तिला जे दिसते ते भयंकर असते. व्हॅल्किर नावाच्या नऊ स्त्री-आत्म्यांशी करार करून ती परत येते आणि इथून पुढे आपल्या प्रजेकडे वेगळ्या नजरेने पाहू लागते. खेळाच्या निर्मात्यांनीच प्रसिद्ध केलेल्या कथेत हा प्रसंग आहे, आणि पत्रलेखक म्हणतात त्याप्रमाणे त्यात एक बदल खराच नोंदवलेला आहे: आधी फोरसेकन हे तिच्या भात्यातले बाण होते, आता ते तिच्या आणि त्या अथांग अंधाराच्या मधली तटबंदी झाले.

ही ओळ प्रेमाचा पुरावा म्हणून दिली जाते. माझी पत्रलेखकांना विनंती आहे की त्यांनी ती कथा पुन्हा एकदा शांतपणे वाचावी. बाण झाले काय आणि भिंत झाली काय, दोन्ही वापरायच्याच वस्तू आहेत. बाण फेकून देता येतो, भिंत जपावी लागते, एवढाच फरक. आणि जपायची ती भिंतीसाठी नाही, भिंतीच्या आड जो उभा आहे त्याच्यासाठी. त्याच ठिकाणी तिच्या मनात येते की या प्रजेला विचारपूर्वक वापरले पाहिजे आणि कुठल्या मूर्ख ऑर्कला (ऑर्क ही होर्डमधली एक जमात) तिची उधळपट्टी करू देता कामा नये. ‘वापरले पाहिजे’ हे तिथले क्रियापद आहे. ज्या राणीने दुसऱ्याच्या हातातले हत्यार होण्याचे दुःख इतक्या जवळून भोगले होते तिच्या मनात हे क्रियापद यावे, हे मला त्या सगळ्या कथेतले सर्वांत दुःखद वाटते.

तिच्यात प्रेम नव्हते असे मी म्हणत नाही. उलट ते होते हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. एल्फ लोकांच्या उजाड झालेल्या प्रदेशात, विंडरनर कुटुंबाच्या गावाजवळ, खेळाडूला एक गळ्यातले सापडते. ते तिच्या थोरल्या बहिणीने, अलेरियाने, तिला दिलेले असते आणि त्यावर प्रेमाचे दोन शब्द कोरलेले असतात. ते घेऊन अंडरसिटीत तिच्यासमोर उभे राहिले की ती ते हातात घेते आणि तुटकपणे सांगते की जुन्या दिवसांची मला ओढ वाटते असे तुला वाटले का, हे माझ्या लेखी काहीच नाही, माझ्यासमोरून चालती हो. मी खरोखरच निघाले होते. इतक्यात गळ्यातले जमिनीवर पडल्याचे दिसले, तिच्याभोवती हवेत पांढुरक्या आकृती उमटल्या आणि ती आपल्या मायबोलीत विलाप गाऊ लागली. त्या दालनात आणखी चार-पाच अनोळखी खेळाडू होते. कोणी काही टाइप केले नाही, कोणी हलले नाही, गाणे संपेपर्यंत सगळे जागच्या जागी उभे राहिले. बहुतेक फोरसेकन खेळाडू तिच्या बाजूने इतक्या कळकळीने का भांडतात, हे ज्यांना कळत नाही त्यांनी हा प्रसंग पाहावा. माझ्या मनातही तिच्याविषयीची माया तेव्हापासूनची आहे आणि ती अजून गेलेली नाही.

पण माया वेगळी आणि निवाडा वेगळा. कोल्टिरा या मृत योद्ध्याने शत्रुपक्षातल्या आपल्या जुन्या मित्राशी, थासारियनशी, अँडोरहालच्या लढाईत तह केला, तेव्हा सिल्व्हानसने त्याला अंडरसिटीत ओढून नेले, त्याच्यातला दुबळेपणा काढून टाकण्यासाठी. मृत्यूनंतरही टिकलेली मैत्री तिला दुबळेपणा वाटली. अनेकांनी हा प्रसंग लढाईच्या धामधुमीत सोडून दिला. मीही तेव्हा सोडून दिला होता.

आराथीचा प्रसंग मात्र सोडता येत नाही, आणि पत्रलेखकांनी त्याचा साधा उल्लेखही केला नाही याचे मला आश्चर्य वाटते. खेळाच्या २०१८च्या पुरवणी भागाआधी आलेल्या अधिकृत कादंबरीत तो आहे. सिल्व्हानस होर्डची प्रमुख होऊन ऑर्ग्रिमारला, होर्डच्या राजधानीला, गेल्यावर अंडरसिटीतल्या साध्या रहिवाशांनी आपला कारभार पाहण्यासाठी डेसोलेट कौन्सिल नावाची परिषद स्थापली. हे लोक एके काळी लॉर्डेरॉनचे साधे नागरिक होते. शरीरे झिजत चालली होती आणि त्यांच्यातले काही जण म्हणत होते की आता आम्हाला आणखी ओढूनताणून टिकवू नका, आम्हाला शेवटचे मरण येऊ द्या. माणसांचा राजा अँडुइन आणि सिल्व्हानस यांच्या संमतीने एक दिवस ठरला, आणि आराथीच्या मैदानावर या मृतांची त्यांच्या हयात नातेवाइकांशी भेट झाली. इतक्या वर्षांनी कोणी कोणाला पाहत होते. काहींनी मिठी मारली, काहींना मेलेले माणूस जवळून पाहवेना. मग लॉर्डेरॉनची राजकन्या कॅलिया पुढे आली, आपली ओळख सांगून तिने फोरसेकनांना आपल्याबरोबर येण्याची हाक दिली आणि काही जण पलीकडे धावू लागले. सिल्व्हानसने माघारीचे शिंग फुंकले आणि आपल्या धनुर्धारी स्त्रियांना बाण सोडायला सांगितले. परिषदेचे लोक त्या मैदानावर मारले गेले.

युद्धाच्या काळात पळून जाणाऱ्यांना कोणताही सेनापती असेच वागवील, असे यावर उत्तर दिले जाते. हे सैनिकांच्या बाबतीत खरे असेल. पण ते सैनिक नव्हते. ते नातलगांना भेटायला, राणीच्या परवानगीने, निःशस्त्र आलेले होते. आणि त्यांचा गुन्हा काय होता? आपले पुढे काय व्हावे हे आपण ठरवावे, एवढीच इच्छा. हीच इच्छा परत मिळाली म्हणून सिल्व्हानस लिच किंगच्या फौजेतून फुटली होती आणि याच इच्छेच्या पायावर फोरसेकन ही जमात उभी राहिली होती. तिने होर्ड सोडली तेव्हा एक पद सोडले. आराथीत मात्र ज्या गोष्टीपायी ती राणी झाली तीच गोष्ट तिने आपल्या प्रजेला नाकारली. म्हणून मला तिची बेइमानी ऑर्ग्रिमारच्या वेशीत नव्हे, आराथीच्या मैदानात दिसते, आणि ती होर्डशी नव्हे, फोरसेकनांशी झालेली दिसते.

त्यानंतर टेल्ड्रासिलचे अग्निकांड झाले. रात्र-एल्फांचे अख्खे शहर ज्या महाकाय वृक्षावर वसले होते तो जिंकून ताब्यात घ्यायचा होता. पण मरणाऱ्या एका शत्रू योद्ध्या स्त्रीने आशा मारता येत नाही असे म्हटले आणि सिल्व्हानसने वृक्ष जाळण्याचा हुकूम दिला. त्या आठवड्यात माझा धाकटा भाऊ शेजारच्या टेबलावर अलायन्सच्या, म्हणजे होर्डच्या शत्रुपक्षाच्या, बाजूने खेळत होता. खेळाने त्याला जळत्या शहरातून ९८२ रहिवाशांना बाहेर काढायचे काम दिले, आणि वेळ दिला तीन मिनिटांचा. त्याने वीसेक माणसे काढली असतील. वेळ संपला, पडदा धुराने भरला, आणि तो काही न बोलता उठून गच्चीवर गेला. मी होर्डची, त्यातून तिची प्रजा. त्या रात्री आमच्या घरात या विषयावर एक शब्दही निघाला नाही.

२०१९ साली खेळाने होर्डच्या खेळाडूंना निवड करायला लावली: वृद्ध सेनानी सॉरफँगची बाजू घ्या किंवा सिल्व्हानसची. आमच्या गिल्डमधले, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या गटातले, जुने सोबती या निवडीवरून अक्षरशः दोन तट पडून बसले. मी सॉरफँगची बाजू घेतली आणि ती घेताना मला वाईट वाटले. पुढे ऑर्ग्रिमारच्या दारात द्वंद्वयुद्ध झाले, सॉरफँगच्या शब्दांनी चिडून ती ‘होर्ड म्हणजे काहीच नाही’ असे ओरडली आणि त्याला मारून निघून गेली. लेखकाने या वाक्याला गद्दारीची कबुली म्हटले आहे. माझ्या मते २००४च्या निवेदनात जे सांगितले होते तेच ती पहिल्यांदा मोठ्याने बोलली. मात्र त्याच दमात ती समोरच्या सगळ्यांनाच ‘तुम्ही कोणीच नाही’ असेही म्हणाली, आणि त्या गर्दीत फोरसेकनही उभे होते. कोणी या दुसऱ्या वाक्याबद्दल बोलत नाही.

शेवटी २०२१मध्ये कथेने जे वळण घेतले त्याबद्दल मला लिहिलेच पाहिजे, कारण या वादाचे सर्वांत मोठे नुकसान त्याने केले. मृत्युलोकातल्या जेलर या शक्तीशी तिने हातमिळवणी केली होती हे तोवर उघड झाले होते. त्या वर्षी ती त्याच्यावर उलटली, ‘मी कधीही चाकरी करणार नाही’ असे तिने त्याला सुनावले, आणि तेव्हा कळले की आर्थसच्या फ्रॉस्टमोर्न तलवारीने तिला मारले त्याच वेळी तिच्या आत्म्याचा एक तुकडा तुटून वेगळा झाला होता. जेलरने तो तुकडा तिच्यात परत घातला आणि तिला पश्चात्ताप झाला. म्हणजे इतकी वर्षे आम्ही जिच्या निष्ठेचा हिशेब मांडत होतो ती अर्धीच होती. अनेक चाहत्यांना हा दिलासा वाटला. मला तो फोरसेकनांवरचा अन्याय वाटला. साथीने मेलेले, कोणीतरी उठवलेले, नातेवाइकांनी नाकारलेले हजारो मृत अंडरसिटीत राहत होते. त्यांनीही सर्वस्व गमावले होते, आणि तरीही त्यांच्यातले कित्येक आराथीच्या मैदानावर आपल्या माणसांना मिठी मारायलाच गेले. माणूस मेल्यावर कसा वागतो याचे कारण तुटलेल्या आत्म्यात शोधायचे ठरवले तर त्यांच्या त्या मिठीची किंमतच उरत नाही. तिची निवड ही निवड होती असे मानले तरच तिची निंदा करता येते आणि तिच्यावर मायाही करता येते. खेळानेही अखेर तिला जबाबदार धरलेच. रात्र-एल्फांची टायरांडे, जिचे शहर जळाले होते, तिने शिक्षा सुनावली आणि मृत्युलोकाच्या सर्वांत खालच्या अंधारात अडकलेले सगळे आत्मे सोडवून आणण्यासाठी सिल्व्हानस तिथे उतरली.

पुरवणीतील लेख तिच्या शिक्षेपाशी संपतो. माझी विनंती आहे की पुढच्या वेळी तो त्यानंतरच्या काही महिन्यांपर्यंत न्यावा. २०२२मध्येच फोरसेकन आपल्या उद्ध्वस्त लॉर्डेरॉनला परतले आणि युद्धात तिनेच तिथे पसरवलेले विष त्यांनी जमिनीतून साफ करायला घेतले. नवी राणी त्यांनी निवडली नाही. कारभार पाच जणांच्या परिषदेकडे दिला, त्यात कॅलियाही आहे, आणि त्या परिषदेचे नाव त्यांनी ठेवले डेसोलेट कौन्सिल.

आपली,
एक नियमित वाचक
कोथरूड, पुणे